आवडत्या कथेची पुढची गोष्ट आणि टीकाकार मित्र

वार्षिक अंकाची सूचना फळ्यावर लागली म्हणजे शिक्षकांच्या खोलीतील टेबलावर वह्यांची पाने जमू लागतात. ह्या वर्षी ती चाळताना एक गोष्ट आमच्या विशेष ध्यानात आली. बऱ्याच मुलामुलींनी स्वतःची नवी पात्रे निर्माण न करता आपल्या आवडत्या पुस्तकांतील पात्रे घेऊन त्यांच्या नव्या गोष्टी लिहिल्या होत्या. एकाने फास्टर फेणेला फुरसुंगीहून थेट आमच्या सीताबर्डीवर आणले होते. दुसऱ्याने शेरलॉक होम्सकडून अंबाझरी तलावाकाठची चोरी पकडविली होती. इंग्रजीत अशा लेखनास 'फॅन फिक्शन' म्हणतात व आमच्या विद्यार्थ्यांस ते नाव आमच्यापेक्षा अधिक परिचयाचे आहे. आम्ही ह्या लेखापुरते तिला 'उत्तरकथा' म्हणू. म्हणजे मूळ कथा जेथे थांबली तेथून, किंवा तिच्यातील एखाद्या मोकळ्या जागेतून, दुसऱ्या कोणी पुढे नेलेली कथा.

एका पालकांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, दुसऱ्याची पात्रे उचलून लिहिणे ही नक्कलच नव्हे काय? अशाने मुले स्वतः विचार करावयास कधी शिकणार?" हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परंतु त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही, तो असा की, मुलाने अशी गोष्ट लिहून आणली तर ती वाचणाऱ्याने त्यास काय सांगावे? ह्या लेखाचा खरा विषय तो आहे.

प्रथम नक्कलीविषयी. आमचा विदर्भ ह्या बाबतीत फार जुना साक्षीदार आहे. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूति ह्याचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे. त्याने रामकथा घेतली आणि 'उत्तररामचरित' लिहिले. वाल्मीकीच्या उत्तरकांडात सीता शेवटी भूमीच्या पोटात जाते. भवभूतीने तो शेवट बदलून रामसीतेची पुन्हा भेट घडवून आणली. त्यास कोणी चोर म्हणाले नाही. बाराशे वर्षे झाली तरी ते नाटक वाचले जाते. मूळचे इंग्लंडचे व १५७९ साली गोव्यास आलेले फादर स्टीफन्स ह्यांनी बायबलातील कथा मराठी ओवीत सांगितली व त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. काही काळ आमच्या ह्या नागपुरात राहून गेलेले कवि नारायण वामन टिळक ह्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले, पण १९१९ साली त्यांचा अंत झाला, तेव्हा काव्य अपुरेच होते. ज्यांना शाळेची पायरी कधी लाभली नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या अध्यायांस आपले चौसष्ट अध्याय जोडले, आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. सारांश, दुसऱ्याने आरंभिलेली कथा पुढे सांगणे ही आपल्या भाषेत लाज वाटण्याची गोष्ट नाही.

मात्र एक मर्यादा आहे, व ती एकनाथमहाराजांनी घालून दिली आहे. त्यांच्या काळी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत अनेकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली पोथी शुद्ध केली आणि शेवटी बजावले की, ह्या ग्रंथात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. ह्याच नाथांनी भागवतावर व रुक्मिणीस्वयंवरावर स्वतः विपुल रचना केली आहे, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा त्यांचा राग दुसऱ्याची कथा घेऊन लिहिण्यावर नव्हता, तर आपले लिहिणे मूळ ग्रंथकाराच्या नावावर खपविण्यावर होता. म्हणून उत्तरकथा लिहिणाऱ्याने आरंभीच मूळ पुस्तकाचे व लेखकाचे नाव स्पष्ट द्यावे. आणखी एक गोष्ट कायद्याची. आपल्या देशात लेखकाच्या पश्चात साठ वर्षे त्याच्या ग्रंथावरील हक्क अबाधित राहतो. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत २००१ साली वारले. म्हणून त्या गोष्टी वर्गात वाचण्यास आम्ही आनंदाने संमति दिली, परंतु परवानगीवाचून त्या ह्या अंकात छापल्या नाहीत. ज्यांच्या गोष्टी परत गेल्या त्यांनी त्या वाईट होत्या असे मानू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. उत्तरकथा लिहिणाऱ्यास टीकेची गरज इतर लेखकांहून अधिक असते असे आमचे मत आहे. ज्याने पात्र स्वतः निर्माण केले त्यास ते वाचकापुढे उभे करावेच लागते. परंतु ज्याने आवडते पात्र उसने घेतले त्याच्या मनात ते आधीच चालतेबोलते असते. फास्टर फेणे हे नाव कागदावर उमटताच लेखकाच्या डोळ्यांपुढे त्याची सायकल, त्याचे 'टॉक्' आणि त्याचे सारे पराक्रम उभे राहतात. आणि आपण ते लिहिले आहेत असाच त्याचा समज होतो. वास्तविक कागदावर केवळ नाव असते. प्रेमाने पाहणाऱ्यास रिकामी जागा भरलेली दिसते. ती रिकामी आहे हे दुसऱ्यानेच सांगावे लागते, आणि तो दुसरा मूळ कथेवर तितकेच प्रेम करणारा असेल तर सोन्याहून पिवळे.

असा टीकाकार कसा असावा ह्याचा उत्तम पाठ आम्हांस महानुभावांच्या इतिहासात सापडतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ह्या पंथाचे मोठे स्थान. पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत दडून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा मराठीचे जुने धन लोकांस दिसले. त्यात भास्करभट्ट बोरीकर नावाच्या कवीची दोन काव्ये होती. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु झालेले डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी ह्या कवीचा विशेष अभ्यास केला.

चौदाव्या शतकाच्या आरंभी ह्या भास्करभट्टाने 'शिशुपालवध' लिहिले. कथा नवी नव्हती; ती भागवतात आहे, महाभारतात आहे, आणि संस्कृतात माघाने तीवर महाकाव्य रचिले आहे. भास्करभट्टाने ती मराठी ओवीत आणली, पण आणताना त्याचे मन शिशुपालाच्या वधापेक्षा श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या प्रेमवर्णनातच अधिक रमले. हजारावर ओव्यांचे ते काव्य झाल्यावर त्याने ते आपल्या गुरुबंधूस वाचून दाखविले. परंपरा सांगते की, गुरुबंधूने ऐकून घेतले आणि म्हटले, ग्रंथ चांगला झाला आहे, परंतु संसार सोडलेल्या माणसाजोगा तो नव्हे. शृंगाराची आवड असलेल्या संसारी माणसाजोगा झाला आहे.

विद्यार्थ्यांनो, ह्या लहानशा अभिप्रायाचा बारकाईने विचार करा. पहिली गोष्ट, टीकाकाराने संपूर्ण ग्रंथ ऐकला. दोन पाने चाळून मत दिले नाही. दुसरी, ग्रंथ चांगला झाला हे त्याने प्रथम व मोकळ्या मनाने सांगितले. ती वरवरची स्तुति नव्हती; आज विद्वान लोक 'शिशुपालवधा'ची गणना जुन्या मराठीतील सुंदर काव्यांत करतात. तिसरी, त्याने दोष दाखविला तो कवीच्याच हेतूस धरून. पंथ विरक्तांचा, कवि विरक्त, ऐकणारे विरक्त. मग हे काव्य कोणासाठी? 'मला आवडले नाही' असे तो म्हणाला नाही. 'ज्यांच्यासाठी तू लिहिलेस त्यांच्या ते उपयोगी पडणार नाही' असे म्हणाला. आणि चौथी गोष्ट, त्याने कवीस बोल लावला नाही. बोलला तो ग्रंथाविषयी.

ह्याचा परिणाम काय झाला? भास्करभट्टाने रागाने पोथी फाडली नाही, की मित्राशी अबोला धरला नाही. त्याने भागवताचा अकरावा स्कंध घेऊन दुसरा ग्रंथ लिहिला, तो 'उद्धवगीता'. त्यात श्रीकृष्ण आहेच, पण तो उद्धवास वैराग्याचा उपदेश करणारा आहे. एका वाक्याच्या टीकेतून मराठीस एक नवा ग्रंथ मिळाला, आणि जुनाही नष्ट झाला नाही. विधायक टीका म्हणतात ती हीच.

ह्याच पंथात टीकेचा आणखी एक प्रकार आढळतो. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले आणि जमविलेली प्रत्येक आठवण त्यांनी नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. त्यातून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. येथे प्रश्न शोभेचा नव्हता, खरेपणाचा होता: ही व्यक्ति असे बोलली असती काय? उत्तरकथेच्या टीकाकाराने हे दोन्ही प्रश्न विचारावे. एक नागदेवाचार्यांचा, की हे पात्र मूळच्या स्वभावास धरून आहे काय? दुसरा भास्करभट्टाच्या गुरुबंधूचा, की ही गोष्ट ज्याच्यासाठी लिहिली त्यास पोहोचते काय?

येथे आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. शिक्षकाचा पेशा पत्करून आम्हांस दोनच वर्षे झाली होती. नववीतील एका मुलाने आम्हांस एक गोष्ट आणून दिली. युद्धापूर्वी श्रीकृष्ण कर्णास त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो, आणि ह्या मुलाच्या गोष्टीत कर्ण ते ऐकून पांडवांकडे जातो. पुढे काय काय घडते ते त्याने बारा पाने भरून लिहिले होते. आम्ही तांबडी शाई घेतली, ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका काढल्या, खाली 'मूळ कथेशी विसंगत' असा शेरा मारला आणि वही परत केली. आम्हांस वाटले, आम्ही काम चोख केले. त्या मुलाने आम्हांस पुन्हा कधी काही दाखविले नाही. वर्षअखेर वह्या तपासताना पाहिले तो त्या वहीची पुढील सर्व पाने कोरी होती.

पुष्कळ वर्षांनी वर्गात 'उत्तररामचरिता'विषयी सांगत असता ती तांबडी शाई आमच्या डोळ्यांपुढे आली. आमचाच शेरा लावावयाचा तर भवभूतीसही नापास करावे लागले असते! त्या मुलास आम्ही विचारावयास हवे होते ते इतकेच: 'जो कर्ण दुर्योधनाच्या मैत्रीसाठी राज्यावर पाणी सोडतो, त्याने ती मैत्री सोडावी असे तुझ्या गोष्टीत काय घडले?' ह्या प्रश्नाने त्यास आणखी बारा पाने लिहावी लागली असती. आमच्या शेऱ्याने त्याचे लिहिणेच थांबले. चुका आम्ही दाखविल्या त्या खऱ्या होत्या. परंतु केवळ खरे बोलल्याने टीका उपकारक होत नाही.

त्या दिवसापासून आम्ही वर्गात वेगळी रीत पाडली आहे. तिचे एक उदाहरण ह्याच वर्षीचे देतो. एका मुलीने उधळ्या पुत्राच्या दाखल्याची उत्तरकथा लिहिली. दाखल्यात धाकटा मुलगा सर्व उधळून घरी येतो, बाप मेजवानी देतो, आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही हे लूकच्या शुभवर्तमानात सांगितलेले नाही. ह्या मोकळ्या जागेत त्या मुलीने आपली गोष्ट बसविली होती. तिच्या पहिल्या खर्ड्यात थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले, तो आत धावला आणि त्याने भावास मिठी मारली.

वर्गाचा नियम असा की, प्रत्येकाने प्रथम आपणांस आवडलेली एक जागा बोट ठेवून दाखवावी आणि मग एक प्रश्न विचारावा. निकाल कोणी द्यावयाचा नाही. एका मुलाने विचारले, "इतकी वर्षे राबलो पण मला एक करडूसुद्धा मिळाले नाही, असे थोरला नुकताच म्हणाला आहे. दोन ओळींत त्याचा राग कोठे गेला?" दुसरीने विचारले, "अंगणापुढे संत्र्याची बाग आहे असे तू लिहिले आहेस. ही गोष्ट यहूदियात घडते की काटोलास?" वर्ग हसला, तीही हसली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. यहूदिया ठेवावयाचा तर अंजीर, जैतून, द्राक्षे हवीत. काटोल घ्यावयाचे तर सारेच घर तेथे नेले पाहिजे. दोन्ही चालेल, पण अर्धे इकडे व अर्धे तिकडे चालणार नाही.

आठ दिवसांनी तिने दुसरा खर्डा आणला. गोष्ट सबंध काटोलास आली होती. थोरला त्या रात्री घरात जातच नाही. बागेत राखणीस बसतो आणि घरातील गाणे ऐकतो. उजाडण्यापूर्वी धाकटा टोपली घेऊन येतो व न बोलता फळे तोडू लागतो. त्याची सवय गेली आहे; तो फळ ओढतो आणि साल फाटते. थोरला बराच वेळ पाहतो. मग उठून जवळ येतो व देठ ठेवून फळ कसे तोडावे ते त्यास दाखवितो. येथे गोष्ट संपली. वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, "पण त्याने क्षमा केली की नाही? ते लिही ना." ती म्हणाली, "ते मी लिहिणार नाही."

आम्हांस वाटते, तिचे बरोबर होते. पहिल्या दोन प्रश्नांनी तिची गोष्ट सुधारली. तिसरा तिने ऐकला, त्यावर विचार केला आणि बाजूस ठेवला. टीका ऐकणे म्हणजे सांगितलेले सर्व करणे नव्हे. भवभूतीसही टीकाकारांनी फार दुखविले असावे, कारण 'मालतीमाधवा'त तो म्हणतो की, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, माझा समानधर्मा कोठेतरी जन्मास येईल. लेखकास हा स्वाभिमान हवा. परंतु प्रत्येक प्रश्नास भवभूतीचे उत्तर देणारा विद्यार्थी भवभूति होत नाही, अडाणी मात्र राहतो. म्हणून आमचा सल्ला असा की, टीका ऐकताना तोंड मिटून ऐकावे, लिहून घ्यावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी ठरवावे. ज्या वाक्याने रात्री फार राग आला ते सकाळी प्रथम तपासावे. बहुधा दुखरी जागा तेथेच सापडते.

आता पालकांस दोन शब्द. आपला मुलगा किंवा मुलगी अशी वही घेऊन आपणांकडे आली तर कृपा करून दोन गोष्टी करू नका. न वाचता "वा, छान!" म्हणू नका, मुलांस ते तत्काळ कळते आणि आपल्या लिहिण्याची किंमत एवढीच असे त्यांस वाटते. तसेच "ह्यापेक्षा गणिते सोडवली असतीस तर बरे झाले असते" असेही म्हणू नका. वही पूर्ण वाचा. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने, शेवटी आणि हळू दाखवा. त्या दाखवावयाच्या नाहीत असे नव्हे, परंतु त्या प्रथम दाखविल्या म्हणजे पुढचे काही ऐकूच येत नाही. आपणांस मूळ कथा ठाऊक असेल तर एक प्रश्न विचारा. ठाऊक नसेल तर मुलाकडून ती ऐकून घ्या. ऐकविता ऐकविता आपल्या गोष्टीत काय राहिले ते पुष्कळदा त्याचे त्यालाच उमगते.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ देतो. सुटीत आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणतीही एक कथा घ्या. ती जेथे मोकळी सोडली आहे अशी जागा शोधा व दोन पानांची उत्तरकथा लिहा. वर मूळ लेखकाचे नाव घाला. नंतर ती कथा ज्याला तुमच्याइतकीच आवडते अशा मित्राशी वहीची अदलाबदल करा. त्याच्या वहीवर चार ओळी लिहा: कोणती जागा तुम्हांस आवडली, कोठे पात्र ओळखू आले नाही, ही गोष्ट कोणासाठी आहे असे तुम्हांस वाटले, आणि तुमच्या मनात राहिलेला एक प्रश्न. मग स्वतःची वही परत घेऊन दुसरा खर्डा करा. दोन्ही खर्डे जपून ठेवा. पहिला फाडू नका.

सुटीनंतर ज्या कोणास आपल्या वह्या आम्हांस दाखवावयाच्या असतील त्यांनी अवश्य आणाव्या. तांबडी शाई आम्ही टेबलाच्या खणात ठेवली आहे, व पुढील पाने कोरी न राहतील इतकी काळजी घेऊ.